फरशीपलीकडचं माहेर

भटू, काल तुझा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. तुझी यमुना म्हणाली, "बरं झालं अक्का, यांचं मन कशात अडकलेलं नव्हतं." मी मान हलवली. तिला काय सांगणार? तुझं मन कुठे अडकलं होतं ते मला ठाऊक आहे, आणि ती गाठ कावळ्याच्या चोचीनं सुटणारी नव्हती.

पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. मी अजून तुझ्या ओट्यावरच बसले आहे. समोर तुझी सडक. साक्रीच्या बाजूनं ट्रक येतात, सुरतेकडे जातात, आणि दर ट्रकामागे धूळ उठून ओट्यावर येते. यमुना सारखी फडक्यानं पुसते. तू असतास तर म्हणाला असतास, "पुसू नको वं, ही धूळ आपल्या पोटाची आहे."

जन्मभर तुझ्याशी अहिराणीत बोलले. लिहायला बसलं की मात्र ही पुस्तकी मराठी उतरते, कारण अक्षरं शिकले ती एस्टीच्या पाट्यांवरून आणि वाण्याकडच्या पुड्यांच्या कागदांवरून, आणि तिथे कोणी अहिराणी लिहीत नाही. तेव्हा अक्का परक्यासारखी का बोलते, असं म्हणू नकोस. आवाज तोच आहे. तू नीट ऐक म्हणजे झालं. जिवंतपणी नीट ऐकलं नाहीस, अर्ध्यावर उठून जायचास.

तुला आठवतं का, लहानपणी तुला पाण्याची केवढी भीती. नदीला घोटाभर पाणी असलं तरी काठावर बसकण मारायचास. मी तुला कडेवर घ्यायची, तू माझ्या गळ्याला इतका घट्ट विळखा घालायचास की माझा श्वास कोंडायचा. पलीकडे उतरवलं की लगेच शेंडी उडवत पुढे पळायचास, जसं काही तूच मला आणलंस. आणि हाच भटू पुढे सडकेच्या कामावर लागला, मुकादम झाला, आणि नदीवरची फरशी ज्या टप्प्यात येते तो टप्पाच त्याच्या टोळीकडे आला. माय म्हणायची, "देवानं चेष्टा करायची म्हणून हे पोर घडवलं."

माझं लग्न झालं ते नदीच्या अल्याडच्या गावात, धुळ्याच्या बाजूला. माहेर पल्याड, साक्रीच्या पुढे. मधे ती नदी आणि तिच्यावरची फरशी. फरशी म्हणजे तरी काय, नदीच्या अंगाला चिकटून बांधलेला ठेंगणा पूल. पाणी वरून वाहू लागलं की दोन्हीकडे गाड्या थांबायच्या, पाणी उतरलं की निघायच्या. आणि दरवर्षी आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की त्या फरशीवरून तू मला न्यायला यायचास.

आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, पण अशी आपली आपण उठून येत नाही. भाऊ नाहीतर भाचा तिला आणायला जातो, तोच तिचा मुराळी. मुराळी दारात आला की सासरी त्याला गूळपाणी द्यायचं, लेकीनं नवं लुगडं नेसायचं, आणि चार बायांच्या देखत त्याच्यामागून निघायचं. मला नातवंडं झाली तरी माझं हे सुटलं नव्हतं. माझी सून टोमणा मारायची, "आत्याबाई, आता तुम्हीच मोठ्या झाल्या, अजून मुराळी लागतो?" मी म्हणायची, "अगं, मुराळी नाही आला तर लोक म्हणतील, हिला माहेरी कोणी विचारत नाही." तू मात्र कधी चुकला नाहीस. डोक्याला धुतलेला रुमाल, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि पिशवीत मायनं दिलेल्या सांजोऱ्या. त्यांतली एक तू वाटेत खाल्लेली असायची. मला कळायचं. मिशीला साखर असायची.

मग त्या साली तो पूर आला. मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. श्रावण सरत आला होता, डोंगरात कुठे काय फुटलं देव जाणे, नदी अशी उठली की काठावरच्या म्हाताऱ्यांनीही तसं पाणी कधी पाहिलं नव्हतं. कडब्याच्या गंज्या उभ्याच्या उभ्या वाहून गेल्या. पाणी उतरल्यावर तू पाहायला गेलास, तर फरशी जागेवर नव्हती. तिच्या दोन्ही अंगांचा भराव नव्हता. काठाला डांबराचा पापुद्रा तेवढा लोंबत होता, भाकरीचा सुटतो तसा. तू मला नंतर सांगितलंस, "अक्का, मी तिथं उभा राह्यलो आणि मला वाटलं, आपलं घर गेलं." मी म्हटलं, "घरातली माणसं आहेत ना?" तर म्हणालास, "तू पल्याड राह्यली ना."

तू तेव्हापासून त्या कामाला असा भिडलास की माय सांगायची, जेवताना सुद्धा तुझ्या हाताला मुरमाचा वास येतो. आधी दगडाचा थर, त्यावर खडी, त्यावर मुरूम, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, परत पाणी. डोंगरातल्या वाड्यांवरून कामाला आलेल्या बाया पायांना गोणपाट बांधून गरम डांबर पसरायच्या, त्यांची तान्ही बाभळीला झोळीत लटकलेली. धुळ्याहून येणारी एस्टी काठाशी थांबायची. पाणी ओसरल्यावर माणसं नदीत उतरून चालत पल्याड जायची आणि तिथली गाडी धरायची. बैलगाड्या, ट्रक वाळूतून वळण घेऊन जायचे. म्हणजे वाट नव्हती असं नाही, भटू. वाट होती. हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही.

पौषात काठावरच्या गावी एक साखरपुडा होता, तेव्हा मी तुझं काम बघायला आले. तू मला पाहिलंस आणि एकदम छाती पुढे काढून चालायला लागलास. "अक्का, हे नळे बघ. हा भराव बघ. आता नदीचा बाप आला तरी हलायची नाही." मी म्हटलं, "नदीच्या बापाला बोलवू नको. मला एवढं सांग, माय कशी आहे?"

"खोकते. पण जेवते."

"मग मी अशीच उतरून जाते. संध्याकाळपर्यंत बघून परत येईन."

तू कमरेवर हात ठेवलास. "लुगडं खोचून, चिखल तुडवत माहेरी जाशी? मुकादमाची बहीण?" खडी फोडणाऱ्या बाया ऐकतच होत्या. त्यांतली एक म्हणाली, "जाऊ द्या ना मुकादम, आम्ही पाटीत बसवून त्यांना पल्याड नेऊ." सगळ्या हसल्या. तू पण हसलास. मग जवळ येऊन अहिराणीत म्हणालास, "अक्का, सडक व्हवू दे. बठ्ठासना पहिले तुले लई जासू." सडक होऊ दे, सगळ्यांच्या आधी तुला नेईन. पहिल्या एस्टीत, पुढच्या बाकावर, नवं लुगडं नेसवून. मायला तसं सांगूनही ठेवलं होतंस, आणि माय गावभर सांगत सुटली होती.

मी परत फिरले. खरं सांगू का, मला गोड वाटलं होतं. वयानं पिकलेल्या बाईसाठी तिचा भाऊ सडक बांधतो म्हणतो, हे कुणाच्या नशिबात असतं? सासरी येऊन सुनेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. मी आखाजीची वाट पाहू लागले, आणि आखाजी म्हणजे सडक, असं माझ्या मनात पक्कं होऊन बसलं.

त्यानंतर काय काय आडवं आलं ते तूच मला कधीतरी सांगितलंस, आणि तेही एकदाच. नळ्यांची पुढची खेप आलीच नाही. रोलर बिघडून बाभळीखाली उभा राहिला आणि त्याच्यावर पोरं चढून खेळू लागली. चैत्रात अवकाळी पाऊस झाला, ओला भराव एका बाजूला बसला, तो उकरून परत भरावा लागला. तू दोन्ही वेळचं जेवण कामावरच मागवायला लागलास. आणि माय घरात खाटेवर.

या दहा दिवसांत यमुनानं मला एक गोष्ट सांगितली, जी तू कधी सांगितली नाहीस. तू संध्याकाळी घरी आलास की माय खाटेवरून विचारायची, "सडक कोठेलगून उनी रे भटू?" सडक कुठवर आली? आणि तू रोज थोडं पुढचं सांगायचास. काम भरावाशी अडलेलं असलं तर म्हणायचास, नळे बसले. नळ्यांचा पत्ता नसला तर म्हणायचास, फरशीचं तोंड दिसायला लागलं. माय समाधानानं कूस बदलायची. मायच्या मनात तुझी सडक तुझ्या कामाच्या नेहमी पुढे धावायची. शेवटी शेवटी तिनं यमुनाला सांजोऱ्यांसाठी रवा काढून ठेवायला सांगितला होता. म्हणाली, लेक फरशीवर आली असेल.

मी चुलीपुढे होते तेव्हा ट्रकवाल्यानं माय गेल्याचा निरोप आणला. आखाजी अजून दूर होती. मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले. काठावर एस्टी थांबली तशी उतरले, लुगडं खोचलं आणि नदीत शिरले. चैत्राचं ऊन, घोट्यालाही न पोचणारं पाणी. एवढंच होतं ते, भटू, आपल्या मधे. एका बाजूला तुझ्या फरशीचे नळे ओळीनं मांडलेले, ओल्या सिमेंटचा वास. बाया मला बघून उभ्या राहिल्या. मला पल्याड नेऊ म्हणणारी ती बाई पाटी खाली ठेवून माझ्यासोबत दुसऱ्या काठापर्यंत आली, आणि मग वळून कामाला गेली.

उन्हाचे दिवस. मायला फार वेळ ठेवता आलं नाही. मी पोचले तेव्हा तुम्ही पुरुषमाणसं नदीवरून अंघोळ करून परत येत होता. तू मला दारात पाहिलंस, माझ्या पायाच्या चिखलाकडे पाहिलंस, आणि आत न येता तसाच गोठ्याकडे निघून गेलास.

त्या सुतकाच्या दिवसांत आपण एका घरात होतो, पण तू माझ्याकडे पाहत नव्हतास आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझा राग नव्हता रे. मला मायच्या हातचं काही आठवत होतं आणि रडू येत होतं, एवढंच. पण तू ते गप्प बसणं वेगळं वाचलंस. अक्षर न येणारी माणसं कधी कधी फार वाचतात.

सडक पुरी झाली ती आखाजीनंतर, पावसाच्या तोंडाशी. पहिली एस्टी धुळ्याला जाताना आमच्या गावावरून गेली. बोनेटवर झेंडूच्या माळा होत्या, आंब्याची डहाळी होती. मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. मायच्या दुखवट्यातली बाई, मिरवायला नव्हते गेले, पण वाटलं, तू त्यात असशील. खिडक्या खिडक्या पाहिल्या. पुढचं बाक पाहिलं. तू नव्हतास. ड्रायव्हरनं मला ओळखलं, गाडी हळू केली, म्हणाला, "मुकादम काठावरच थांबले, आजी. बसा म्हटलं तर बसले नाहीत."

पुढच्या आखाजीला तुझा अशोक आला मुराळी म्हणून. मी त्याला गूळपाणी दिलं आणि विचारलं, तुझा बाप कुठे? म्हणाला, कामावर. त्याच्या पुढच्या वर्षीही अशोक. त्याच्या पुढच्याही. गुणी पोर आहे, सांजोऱ्या न खाता आणतो. पण मला तो मिशीला साखर लागलेला मुराळी हवा होता.

मग आपलं ते भांडण सुरू झालं. दर आखाजीला मी खापरावरच्या मांड्यांशी बसायची आणि तुला हटकायची.

"काय रे मुकादम, तुझी सडक खचली का?"

"का बरं?"

"नाही, तू तिच्यावरून येत नाहीस. म्हटलं कच्ची बांधली असशील, म्हणून भितोस."

तू पानाची चंची चाचपायचास. "सडकेचं काय, अक्का. सडक ते बठ्ठासनी शे." सडक सगळ्यांचीच आहे.

"मग मीही बठ्ठ्यांमधलीच ना? एकदा ये की मला न्यायला."

"अशोक येतो ना."

"अशोक भाचा आहे. भाऊ नाही."

एवढ्यावर तू उठून जायचास. कधी बैलांना पाणी पाजायचं आठवायचं, कधी सडकेवर कोणाची तरी गाडी बिघडायची. दहा वाक्यांचं ते भांडण आपण कधीच पुरं केलं नाही. एकदा मात्र तू दारातून वळून म्हणालास, "मी त्या फरशीवरून तुझ्यासोबत नाही चालू शकत, अक्का. मला तिथं तुझे पाय दिसतात." मी मांडा उलटायला वळले आणि मांडा करपला. त्यावर यमुना मला रागावली, आणि आपण तिघं हसलो, आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

दुष्काळात तुझ्या हाताखाली कितीतरी माणसं खडी फोडायला आली. त्यांतल्या बाया परवा तुझ्या दारी बसायला आल्या होत्या. एकीचा हात माझ्या हातात होता, तळवा दगडासारखा. ती म्हणाली, "अक्का, भटूनाना म्हणजे तोंडाचा फटकळ. पण बाईचं माहेरचं माणूस आजारी आहे असं कानावर आलं, की हातातली पाटी काढून घ्यायचा. म्हणायचा, आधी जा, काम कुठं पळत नाही. कोणी म्हणालं, आखाजीलाच जाईन, तर चिडायचा. रस्त्यावरचा ट्रक थांबवून त्यात बसवून द्यायचा." दुसरी म्हणाली, "माझी माय मला भेटली ती त्यांच्यामुळे." ती रडत होती. यमुनाला हे काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तू ते आम्हाला सांगितलं नाहीस, कारण सांगायचं म्हटलं तर सुरुवात मायपासून करावी लागली असती.

तुझा दमा जुनाच. डांबराच्या धुरात आयुष्य गेलं, छातीत काय उरणार? पण या वेळी यमुनानं एस्टीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, "अक्काला म्हणावं, निघून ये." कंडक्टर गाडी उभी करून थेट माझ्या अंगणात आला. सून म्हणाली, "थांबा आत्याबाई, अशोकभाऊंना येऊ द्या न्यायला, नाहीतर यांना शेतातून बोलावते." मी तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. पिशवी नाही, नवं लुगडं नाही. पल्याड जाणारी गाडी आली, मी चढले. मायच्या वेळेनंतर जन्मात दुसऱ्यांदा मुराळ्याशिवाय माहेरी निघाले.

गाडी फरशीवर आली. एवढी वर्षं अशोकच्या गप्पांत मी ती नीट पाहिलीच नव्हती. त्या दिवशी पाहिली. खाली पाणी नळ्यांतून गुपचूप जात होतं. धक्का नाही, काही नाही. मी पाय वर घेतले, उगीच, भिजतील म्हणून. आणि फरशी संपली सुद्धा.

यमुना सांगते, सकाळपासून तू विचारत होतास, "अक्का कोठेलगून उनी?" आणि ती सांगत होती, फरशीवर आली. मी तेव्हा घरीच होते, निरोप मिळायचा होता. पण ती तेच सांगत राहिली. हे बोलणं तू तिला शिकवलं होतंस, भटू. तिनं तुझ्यावरच वापरलं.

मी आले तेव्हा उन्हं उतरली नव्हती. तुझे डोळे उघडे होते. मी खाटेशी बसले, तुझा हात धरला, तो गार होता आणि खरखरीत. तू माझ्याकडे पाहिलंस. मग माझ्या पायांकडे पाहिलंस. मी पाय पुढे केले, कोरडे होते. धूळ सुद्धा नव्हती म्हणायची. मग विचारलंस, "कोन लई उना तुले?"

कोणी आणलं तुला. मुराळी कोण, असंच विचारत होतास ना?

आणि मी काय बोलले? म्हटलं, "गाडीला गर्दी नव्हती. लगेच जागा मिळाली." जन्मभर बडबड करणारी बाई मी, नको तिथे तोंड चालवणारी. नेमकी तेव्हा हे बोलले. तू "हां" म्हणालास आणि डोळे मिटलेस. दिवेलागणीच्या आत तू गेलास.

आता आखाजी तोंडावर आली आहे. यंदा तुझ्या नावाची नवी मातीची घागर भरायची, मायच्या घागरीशेजारी मांडायची, खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या. अशोक म्हणाला, "आत्या, मी येतो न्यायला, नेहमीसारखा." मी त्याला सांगितलं, बाबा, तू यायचं नाहीस. तो हिरमुसला. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पण कारण सांगितलं नाही. नवं लुगडं नेसेन, फाट्यावर जाईन आणि पुढच्या बाकावर बसेन. सून चार बायांच्या देखत म्हणेल, मुराळी नाही आला वाटतं. म्हणू दे.

तुझ्या घागरीला एक सांजोरी कमीच ठेवणार आहे. ती तू वाटेत खाल्लेली असशील. आणि पाणी घालताना त्या प्रश्नाचं उत्तर देईन, जे खाटेशी बसून द्यायचं राहिलं. तू लई उना रे भटू, तुझ्याच सडकेवरून. मायच्या वेळी मला न्यायला नाही पोचलास, पण तुझ्यापाशी मला तूच लई उना.